बाबांची हवेशीर खोली

माझ्या वडिलांना दमा आहे. त्यांना म्हैसूरची शुद्ध हवा मिळावी म्हणून मी त्यांच्या खोलीला ऑइल पेंट लावून घेतला.

आज हे लिहिताना मलाच धाप लागते. बाबा पुण्यात दादाकडे राहायचे, ऐन हमरस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये. खिडकी उघडली की धूर आत आणि बाबांचा श्वास वर. "इथली हवा बघा एकदा" म्हणून मी कित्येक महिने त्यांच्या मागे लागलो होतो. शेवटी म्हणाले, येऊन बघतो, मानवलं तर कायमचा राहीन. मी हरखलो. इतकी वर्षं ते दादाच्या वाट्याला आले, आता मला हवे होते.

म्हणून म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या आमच्या घराची मागची खोली रंगवायला काढली. मंजिरी (माझी बायको, हिचं न ऐकण्यावर माझा संसार उभा आहे) म्हणाली, साधा डिस्टेंपर लाव आणि बाबा येईपर्यंत खिडक्या सताड उघड्या ठेव. पण शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चाललं होतं. ओल्या रंगावर धूळ बसली असती! मी खिडक्या घट्ट लावून घेतल्या, वर फटींना चिकटपट्टी मारली. रंग सुरेख वाळला. (वाळला म्हणजे त्यातलं जे उडायचं ते सगळं उडालं आणि खोलीतच बसून राहिलं. हे शास्त्र मला नंतर कळलं.)

बाबा यायच्या सकाळी दार उघडलं तर डोक्यात झिणझिण्या आल्या. आता या वासाचं काय करायचं? म्हैसुरात राहणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? उदबत्ती! चंदनाच्या, मोगऱ्याच्या, केवड्याच्या अशा मूठभर पेटवल्या. भागेना म्हणून धूप घातला. मंजिरीनं कुणाचं तरी ऐकून कोपऱ्याकोपऱ्यात चिरलेले कांदे ठेवले. खोलीत आता रंगाचं दुकान, देऊळ आणि भज्यांची गाडी एकत्र नांदू लागली. बाबांवर छाप पडावी म्हणून मी हवा मोजायचं एक यंत्रही आणलं होतं. हवा चांगली असली की त्यावर हसरा चेहरा येतो. खोलीत ठेवल्याबरोबर तो चेहरा लालबुंद होऊन रडायला लागला. मी यंत्र उशीखाली दडपलं.

बाबा आले. खोलीच्या मध्ये उभे राहिले, चारी भिंती पाहिल्या.

"वा. छान केलीस हं खोली," म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आयुष्यभर शाळामास्तरकी केलेला हा कडक माणूस पोराच्या प्रेमानं विरघळला! मीही डोळे पुसले. मंजिरी तर पदर लावूनच उभी होती. सगळं घर गहिवरलं. मग बाबा खोकू लागले आणि थांबेचनात.

मी पंखा सोडला, तर साठलेला धूर गरागरा फिरू लागला. खिडकीकडे धावलो. रंगानं झडप चौकटीला पक्की चिकटली होती. जोर लावला तशी कडी उपटून हातात आली. बाबा पंप ओढत होते, तरी छातीतून शिट्टी वाजत होती. बापाला आपण बरणीत घालून झाकण लावलंय, एवढंच डोक्यात घुमत होतं.

धूर बघून दुसऱ्या बाजूच्या शेजारीण सरोजाक्का आग लागली समजून धावत आल्या. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं; पूर्वज इथल्या राजाच्या फौजेत होते म्हणे.

"अय्यो, म्हाताऱ्या माणसाला धुरात कशाला कोंडलंय? सुम्ने, नुसते बघत काय उभे राहिलाय? बाहेर आणा की त्यांना!"

बाबांचा दंड धरून त्यांनीच त्यांना आपल्या अंगणात, आंब्याखाली बसवलं. हळूहळू शिट्टी थांबली. डॉक्टरांनी येऊन तपासलं आणि बजावलं की वास पुरता जाईपर्यंत त्या खोलीत पाऊल नको. तोवर इथंच राहू देत, अक्का म्हणाल्या. मी मान खाली घालून बाबांची बॅग पोचवली.

मग मी झटलो. झडपा खरवडून उघडल्या, पंखा लावून ठेवला, उदबत्त्या देवघरापुरत्या केल्या. रोज खोलीत जाऊन कुत्र्यासारखा हुंगायचो. अखेर वास गेला. मी धावतच बाबांना आणायला निघालो. ते अक्कांच्या यजमानांबरोबर पत्ते खेळत होते. समोर तांदळाची गरम अक्की रोटी, गालावर चक्क लाली.

"बाबा, खोली तयार आहे. चला."

"शशी, मी ठरवलंय," ते पत्ता टाकत म्हणाले. "म्हैसूरला कायमचा राहतो."

मी आनंदानं त्यांची बॅग शोधू लागलो.

"अक्कांची वरची खोली रिकामी आहे. तिथं."

"आमीच सोडत नाही आता त्यांना," अक्का आतून म्हणाल्या. "तुम्ही या की रोज भेटायला."

मी जातो रोज. बाबांची तब्येत उत्तम आहे. पुण्याच्या नातेवाइकांना ते फोन करून सांगतात, म्हैसूरची हवा खरोखर अमृत आहे, एकदा अवश्य या. फक्त आमच्या धाकट्याकडे उतरू नका.