अण्णांची पत्रं आणि दादाची प्रश्नचिन्हं

भूकंपाच्या पुढच्याच वर्षी अण्णांनी दादाला ट्यूशनसाठी लातूरला ठेवलं. दोन वर्षांनी माझी दहावी झाली, तेव्हा मात्र त्यांना त्याच शहरातल्या भिंतींच्या भेगा दिसायला लागल्या. "पोरीला तिथं कुठं ठेवायचं?" म्हणाले. जमीन जणू फक्त माझ्यासाठीच हलणार होती. मी नांदेडला कॉम्प्युटर शिकले आणि पुढे क्लासमध्ये तेच शिकवायला लागले. दादा इंजिनियर होऊन अमेरिकेला गेला.

रिटायर झाल्यावर अण्णा लोह्याहून माझ्याकडे राहायला आले. दर रविवारी ते दादाला पत्र सांगायचे आणि मी ते युनिकोडमध्ये टाइप करून मेल करायची. "तुझ्याशिवाय घास गोड लागत न्हाई, लिव." आदल्या रात्री माझ्या हातच्या चार भाकरी याच माणसानं खाल्लेल्या! टाइप करताना माझा नुसता जळफळाट व्हायचा. दादाचं उत्तर कधी यायचं नाही. फोनवर तेवढं म्हणायचा, "वाचलं अण्णा. छान लिहिता."

एकदा फोन मी घेतला. तो हळूच म्हणाला, "अगं, पहिल्यापासून नुसती प्रश्नचिन्हं येऊन राहिलीत. अण्णांना सांगू नको."

मी लगेच सांगितलं, आणि आनंदानं सांगितलं. लाडका लेक एकदाचा खोटा पडला होता. अण्णा म्हणाले, "त्याला काम लई हाय. सांगायचं राहून गेलं असंल." आणि दिवसभर जेवले नाहीत.

ते काही मला बघवेना. वाटेतला कुठला तरी जुना सर्व्हर साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडचं काही पुढे जाऊ देत नव्हता. बरीच खटपट केल्यावर मेलच्या प्रोग्राममध्ये सोय सापडली: मराठी मजकूर साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे करून धाडायचा, पलीकडच्या कॉम्प्युटरनं त्याचं परत मराठी करायचं. वाटेतलं ते रूप पाहून अण्णा हबकले. "अगं, सगळं इंग्रजी करून टाकलीस की!" मी त्यांना समजावलं आणि जुनी सगळी पत्रं पुन्हा पाठवली.

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. रडत होता. पत्रं पोचली होती, अक्षर न् अक्षर. अण्णांनी डोळे पुसले, दारात गेले आणि समोरच्या काकूंना हाक मारून म्हणाले, "ऐकलं का? आमच्या पोरानं तिकडं बसून सगळं दुरुस्त केलं!"

काकूंनी कौतुकानं मान डोलावली आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू पन शिकून घे की गं त्याच्याकडून."