उभ्या गाडीचा विमा

विमा कंपनीच्या क्लेम विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात त्यांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतंच उरलं. बाकी सगळ्यांसाठी ते कलमराव. तीन-तीन साहेबांच्या सह्या झालेली फाइल त्यांच्या टेबलावर यायची. ते कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे, शेवटचं पान आधी उघडायचे, आणि मुंगीएवढ्या अक्षरांतली एखादी ओळ हलक्या आवाजात वाचून दाखवायचे. झालं, फाइल परत. साहेबलोक मनातल्या मनात दात-ओठ खायचे, पण ओळ तिथे असायची खरी.

माणूस दुष्ट नव्हता. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका ट्रक ड्रायव्हरच्या बायकोला त्यांनी खिडकीतून सांगून टाकलं होतं, "काळजी करू नका, पैसे मिळतील." कागद न वाचता, नुसता तिचा चेहरा बघून. पुढे नवऱ्याच्या लायसन्सची मुदत संपलेली निघाली. पैसे मिळाले नाहीत. ती बाई भांडली नाही, रडली नाही, फक्त तीन दिवस येऊन खिडकीसमोरच्या बाकावर बसली. तेव्हापासून वाचल्याशिवाय तोंडातून 'हो' काढायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. कलमराव साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायले.

अशा माणसानं निवृत्त झाल्यावर घरगाडी घ्यावी, हे ऐकून अर्ध्या ऑफिसला ठसका लागला. पण गाडी त्यांनी हौसेसाठी घेतली नव्हती. बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं होतं. दोन तासांच्या वर तिला बसवायचं नाही. आणि तिची ताई एकटीच राहायची, अकरा तासांच्या रस्त्यावर. आई लवकर गेली तेव्हा याच ताईनं शाळा सोडून धाकटीच्या वेण्या घातल्या होत्या, तिचं लग्न लावून दिलं होतं. आता ताईचे गुडघे गेलेले, हिची पाठ गेलेली. चार वर्षं दोघी फोनवरच भेटत होत्या.

ही गाडी बघितली तेव्हा बायको आत चढली, मागच्या पलंगावर आडवी झाली आणि छताकडे बघत म्हणाली, "अहो, हिच्यात मी पोचेन." गाडी जुनीच होती. एका निवृत्त डॉक्टरांनी वापरलेली. आत पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, हातभर बेसिन, मिटवता येणारं टेबल. परत येताना ताईलाही याच पलंगावर घालून नदीकाठच्या त्यांच्या माहेरच्या गावावरून एक चक्कर मारून आणायची, इथपर्यंत बायकोचा बेत झाला होता.

आता राहिला फक्त विमा.

कलमरावांचा एक जुना सहकारी निवृत्तीनंतर विम्याचा एजंट झाला होता. तो घरी आला आणि म्हणाला, "सध्या गाडी अंगणातच उभी आहे ना? मग उभ्या गाडीचा विमा घे. स्वस्त आहे. आग, चोरी, अंगावर झाड पडलं, एवढं सगळं त्यात येतं. फक्त फाटकाबाहेर काढायची नाही. निघायच्या आदल्या दिवशी फोन कर, रस्त्यावरचा करून देतो." कलमरावांना हे पटलं. तीन महिन्यांचा कागद झाला. कोणता रस्त्यावरचा विमा घ्यायचा, ते तेवढ्या वेळात शांतपणे वाचून ठरवता येईल.

त्यांनी चार कंपन्यांचे कागद मागवले आणि शंभर पानी वही घेतली. गॅसची टाकी बसवलेली धरायची की सुटी? बाजूला उघडणारं कापडी छप्पर वाऱ्यानं फाटलं तर ते गाडीचं नुकसान की सामानाचं? एवढी लांब गाडी वाटेत बंद पडली तर ओढून नेणारं वाहन कोणाच्या खर्चानं येणार? प्रश्न बरोबर होते, बरं का. त्यातला एकही वेडगळ नव्हता. एजंटनं एकेकाचं उत्तर आणून दिलं आणि दीड महिन्यात वहीतले सगळे प्रश्न खोडले गेले. एक सोडून.

गाडी चालू असताना मागच्या पलंगावर कुणी झोपलेलं असेल आणि अपघात झाला, तर त्या माणसाला काहीही मिळणार नव्हतं. चारही कंपन्यांच्या कागदांत हे होतं. विमा फक्त पट्टा लावून बसलेल्या माणसाचा.

"म्हणजे तुझाच विमा नाही," ते बायकोला म्हणाले. "जिच्यासाठी गाडी घेतली, तीच सोडून सगळ्यांचा आहे. बेसिनचासुद्धा आहे."

"मग मी पट्टा लावून बसते की," बायको म्हणाली. "दर दोन तासांनी गाडी थांबवा. मी अर्धा तास आडवी होते, मग परत निघू. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?"

इतकं सरळ उत्तर होतं. एजंट तिथेच बसला होता, तो म्हणाला, "वहिनी, हे आधी सांगितलं असतंत तर माझे दीड महिने वाचले असते." पण कलमरावांनी चष्मा खाली आणला. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून आत माणूस झोपला, तर ती गाडी 'प्रवासात' धरायची की 'मुक्कामी'? कागदात स्पष्ट नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच कुणी मागून येऊन धडकलं तर?

"अरे, तू क्लेम नाकारतोयस की फिरायला निघालायस?" एजंट वैतागून म्हणाला.

कलमरावांनी चारही कंपन्यांना पत्रं लिहिली. उत्तर लेखी हवं, तोंडी नको. तीन महिने संपले आणि उभ्या गाडीचा कागद आणखी तीन महिन्यांनी वाढला. दोन कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही, एकीनं माहितीपत्रक पाठवलं, चौथीनं लिहिलं की आपला प्रश्न योग्य विभागाकडे पाठवला आहे. योग्य विभाग म्हणजे काय, हे कलमरावांएवढं कुणाला ठाऊक असणार? तरी ते थांबले.

दर रविवारी सकाळी ताईचा फोन यायचा. "निघालात का गं?"

"कागद व्हायचेत, ताई."

एकदा ताई म्हणाली, "जावईबुवांना सांग, माझा विमाही त्या उभ्या गाडीसारखाच आहे. अंगणाबाहेर चालत नाही." दोघी बहिणी पोट धरधरून हसल्या. बायकोनं तो विनोद कलमरावांना सांगितला, तेव्हा तेही हसले. वहीत त्यांनी त्या दिवशी आणखी एक स्मरणपत्र पाठवल्याची नोंद केली.

मध्ये एकदा बायको म्हणाली होती, "टॅक्सी करून जाऊ या का?" त्यावर ते म्हणाले, "दारात स्वतःचा पलंग असताना परक्याच्या गाडीत कशाला हाल? थोडी कळ काढ." तिनं कळ काढली. चाळीस वर्षं तेच करत आली होती बिचारी. रोज सकाळी ती गाडी आतून पुसायची, पलंगावरची चादर बदलायची, आणि महिन्यातून दोनदा कलमराव इंजिन चालू करून पाच मिनिटांनी बंद करायचे.

कागद दुसऱ्यांदा वाढवला, त्याला दोन महिने झाले आणि एका सकाळी फोन आला. रविवार नव्हता. ताईच्या शेजारच्या शिंप्याचा फोन होता. ताई पहाटे झोपेतच गेली होती.

बायकोनं फोन खाली ठेवला. कलमराव घरगाडीच्या किल्लीकडे बघत होते. तिनंही तिकडे बघितलं आणि म्हणाली, "टॅक्सी बोलवा."

टॅक्सीवाला बरा माणूस होता. बाईंना बसवत नाही हे कळल्यावर त्यानं आपली उशी दिली, मागची सीट मोकळी केली आणि म्हणाला, "आडवं होऊ द्या त्यांना, मी हळू नेतो." बायको अंगाची घडी करून मागे आडवी झाली. पट्टा नाही, काही नाही. कलमराव पुढे बसले. या गाडीचा विमा आहे का, कसला आहे, मुदत कधी संपते, त्यांनी काही विचारलं नाही. सत्तर-ऐंशी किलोमीटर गेल्यावर आपण विचारलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं. हीच टॅक्सी आठ महिन्यांपूर्वीही मिळत होती. असंच आडवं होऊन ती आठ महिन्यांपूर्वीही पोचली असती. अकरा तासांचा रस्ता, आणि तो वाचायला आपण आठ महिने घेतले. मागून एकदा कण्हल्याचा आवाज आला. थांबायचं का, असं विचारायचीही त्यांना लाज वाटली.

पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शिंपी आणि गल्लीतली चार माणसं अंगणात उभी होती. बायको आत गेली आणि ताईच्या रिकाम्या कॉटवर आडवी झाली. पाठीमुळे की कशामुळे, कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कलमरावांनी अंगणात बघितलं. लोखंडी फाटकाची एक झडप काढून भिंतीला टेकवून ठेवलेली होती. खालून गंजायला लागली होती.

"हे मोडलं का?" त्यांनी शिंप्याला विचारलं.

"मोडलं कुठलं? तुमची गाडी आत यावी म्हणून ताईंनी काढून घेतलं. गाडीची रुंदी फोनवर विचारली त्यांनी, माझ्याच टेपनं मोजलं आम्ही. एक वीत कमी पडत होतं."

"कधी?"

"आठ महिने होतील. मी म्हटलं, ताई, येतील तेव्हा काढू, तोवर लावून ठेवतो. तर म्हणाल्या, नको, ते दारात आले आणि तू घरी नसलास तर? मग फाटक नाही म्हणून राखणीला रोज संध्याकाळी खुर्ची टाकून तिथेच बसायच्या. मी चिडवायचो. म्हणायच्या, बहीण निघालीय माझी." शिंप्यानं झडपेवर हात ठेवला. "आता घर बंद राहणार. लावून घेऊ या का?"

कलमरावांना त्या क्षणी वाटलं, कुणीतरी आपल्याला चार शिव्या द्याव्यात. पण शिंप्याला काय माहीत? आणि जिला माहीत होतं ती एक शब्द बोलली नव्हती.

दोघांनी झडप उचलायला घेतली. जड होती. शिंप्याला बिजागरीपाशी जायचं होतं, दुसरं टोक एकट्या कलमरावांना पेलवेना. तेवढ्यात आतून बायको आली आणि तिनं त्यांच्या शेजारी वाकून खालचा गज धरला.

"अगं, सोड. तुझी पाठ..."

"ताईकडे यायचं म्हणून जपत होते पाठ," ती म्हणाली. "आता कशासाठी जपू?"

तिनं गज सोडला नाही. शिंप्यानं बिजागरीत सळई सरकवली आणि फाटक लागलं.