शेवटच्या माणसाच्या मागे

माझा धंदा ओरडण्याचा. रविवारी सकाळी मजेच्या शर्यती होतात ना, एकाच रंगाचे बनियन घालून चारपाचशे माणसं धावायला निघतात, निम्मी अर्ध्या वाटेत चालायला लागतात आणि शेवटी पदक सगळ्यांनाच मिळतं, तिथे मंचावर माईक धरून तीन तास जो बोंबलत असतो तो मी. "शाब्बास! आलंच आता! टाळ्या!" एवढ्यावर माझं घर चालतं आणि मला त्याची लाज वाटत नाही. चौदा वर्षांत मी स्वतः शंभर पावलंही धावलो नव्हतो, त्याचीही वाटत नव्हती. पण सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही, शेपूटताईंबद्दल.

हे नाव मीच ठेवलं. अशा प्रत्येक शर्यतीत एक माणूस सगळ्यात शेवटच्याच्याही मागे चालतो. त्याने कुणालाही ओलांडायचं नाही. शेवटचा लंगडत असला तर आपणही लंगडण्याच्या चालीने चालायचं, तो बसला तर थांबायचं. मागून एक गाडी रांगत येते, ज्याला पुढे जाववत नाही त्याला उचलून तिच्यात घालायचं. पैसे बेताचे, फोटोत कुणी घेत नाही. त्यामुळे हे काम करायला माणूस टिकत नसे, ताई मात्र सहा वर्षं टिकल्या. त्या आल्या की मी माईकवरून ओरडायचो, "ही बघा आली आपली शेपूट!" लोक हसायचे, ताई हात हलवायच्या. नंतर एकदा मला म्हणाल्या, "नुसतं शेपूट नका म्हणू, ताई लावत जा पुढे." तेव्हापासून शेपूटताई.

वय बावन्न, उंची माझ्या खांद्याला. एरवीचे सहा दिवस त्या एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात असतात. चादरी किती गेल्या, किती आल्या, उशांचे अभ्रे किती, हे मोजून घेतल्याशिवाय त्या गठ्ठ्याला हात लावू देत नाहीत. तीच सवय रस्त्यावर. धावणाऱ्याच्या बुटाच्या नाडीला एक चिप बांधलेली असते. शर्यत संपते तिथे रस्त्यावर रबरी पट्टी अंथरलेली असते. पट्टीवरून चिप गेली की टिंग वाजतं आणि मोठ्या पडद्यावर त्या माणसाचं नाव येतं, पोचला म्हणून. पट्टीला माणूस कळत नाही, फक्त चिप कळते. म्हणून गाडीत बसणाऱ्याची चिप ताई छोट्या कात्रीने कापून एका पिशवीत टाकतात आणि त्याच्या छातीवरचा नंबर बॉलपेनने आपल्या डाव्या हातावर लिहून ठेवतात. गाडी पट्टीवरून न नेता बाजूच्या गल्लीतून आत आणायची, हा नियम. मग ताई हातावरचे नंबर वाचत एकेकाला खाली उतरवून घेतात.

ताईंचे यजमान पीत असत, हे मला माहीत होतं. ताईंनीच सांगितलं होतं, तेही हसत. "ही शेपूटगिरी मला काय नवीन आहे? आमच्या ह्यांच्या मागे सतरा वर्षं चालले." आता कुठे असतात, विचारलं तर म्हणाल्या, "गेले. नऊ वर्षं झाली." त्यापुढे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

तर गेल्या उन्हाळ्यात आयोजकाच्या डोक्यातून बिअरची शर्यत निघाली. आठ किलोमीटर, वाटेत चार थांबे, प्रत्येक थांब्यावर एक ग्लास. ग्लास रिकामा केला की मनगटावरच्या कागदी पट्ट्याला एक भोक पाडायचं. चार भोकं असतील त्यालाच शेवटी पार्टीत प्रवेश, आणि पार्टीला एक मोठा नट येणार. नाव सांगत नाही, उगाच कशाला. या भोकांनी घात केला. एरवी सकाळी आठ वाजता बिअरचं नाव काढलं तर तोंड वेंगाडतील अशी माणसं, नटाबरोबर फोटो मिळावा म्हणून घटाघटा पिऊन धावत होती. नट स्वतः मोठा व्यवस्थित गृहस्थ. त्याच्या ग्लासात सफरचंदाचा रस होता आणि शेवटची शंभर पावलं तो कॅमेऱ्यासाठी सकाळपासून चारदा धावला होता. तरीही घाम आला नाही म्हणून एका मुलीने त्याच्या कपाळावर पाणी फवारलं.

मी ताईंना आधीच विचारलं होतं, "चालेल ना तुम्हाला, दारूचं काम आहे?"

"पिणाऱ्यांचा राग धरायचा तर मला घराबाहेर पडायलाच नको," त्या म्हणाल्या. "उलट इथे शेपूट जास्त लागणार."

आणि लागली. साडेदहापर्यंत गाडीत एकोणीस जण झाले होते. ऊन असं तापलेलं की मंचाच्या लोखंडी कठड्याला हात लावला तर चटका बसत होता. ताईंच्या पुढे एकच माणूस चालत उरला होता, तो बिअरच्या मगाचा वेश करून आलेला एक जाडजूड हिशेबनीस, डोक्यावर स्पंजचा फेस. तेवढ्यात आयोजकाने ताईंना फोन केला. नटाला बारा वाजता निघायचंय, पडद्यावर चारशे बारापैकी चारशे बारा दिसायला हवेत, त्याच्यासमोर फोटो काढायचाय, तर गाडीला पुढे पाठवा. ताई तयार नव्हत्या. गाडी कधी आपल्यापासून दूर सोडायची नाही हा त्यांचा शिरस्ता. पण तो गयावया करायला लागला, तेव्हा त्यांनी डोकी मोजली, एकोणीस भरली, चिपांची पिशवी ड्रायव्हरकडे दिली आणि गाडी सोडली. मगाला एकट्याला टाकून त्यांना निघता येईना.

गाडी आली तर बाजूच्या गल्लीत नटाच्या ताफ्यातल्या तीन गाड्या आडव्या. ड्रायव्हरने मागचापुढचा विचार न करता गाडी सरळ पट्टीवरून घातली. पिशवीतल्या एकोणीस चिपा एकदम टिंगटिंगल्या आणि पडद्यावर एका दमात एकोणीस नावं आली.

मी ती येताना बघितली. हे मुद्दाम लिहितो आहे. चौदा वर्षं या धंद्यात आहे, एका सेकंदात एकोणीस माणसं पोचत नाहीत हे मला कुणी सांगायला नको. पण घसा सुकला होता, पाय भरून आले होते आणि पडद्यावर चारशे अकराचा आकडा झाला होता. वीस मिनिटांनी तो मगवाला हिशेबनीस डुलत डुलत आला, त्याची चिप वाजली आणि मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडलो, "चारशे बारा! सगळे आले! एकूण एक माणूस आला! आता पार्टी!" संगीत सुरू झालं, नट मंचावर आला, पोरीबाळी किंचाळल्या.

ताई मगाच्या मागोमागच होत्या. त्या पार्टीकडे न बघता गाडीकडे गेल्या. अठरा जण सावलीत लोळत होते. त्यांनी हातावरचे नंबर वाचले. दोनशे अडतीसने ओ दिली नाही.

ड्रायव्हरला आठवलं ते असं. टायरच्या दुकानाच्या वळणावर कॅमेऱ्याची गाडी आडवी आली म्हणून तो थांबला होता. "एक जण उतरला होता ओकायला. मला वाटलं चढला परत."

"वाटलं?" एवढंच ताई म्हणाल्या आणि मंचापाशी येऊन त्यांनी खालून माझ्या पँटचा पाय ओढला.

"दादा, एक कमी आहे. दोनशे अडतीस. पुकारा."

मी वाकून म्हटलं, "ताई, नाव आलंय पडद्यावर."

"पडदा गेला होता का रस्त्यावर? मी सांगतेय ना, माणूस नाहीये. उन्हात आहे तो, पोटात चार ग्लास आहेत."

मी आयोजकाकडे बघितलं. त्याने हातानेच खूण केली, नंतर, फोटो झाल्यावर. आणि मी, म्हणजे ज्याचं काम बोलायचं आहे तो मी म्हणालो, "दहा मिनिटं, ताई. फोटो होऊ द्या." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं.  वळल्या, ड्रायव्हरला दंडाला धरून उठवलं आणि गाडी घेऊन गेल्या.

पुढची पाच मिनिटं मी नटाच्या शेजारी दात काढून उभा होतो. मग मात्र मी कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली. मी माईक तोंडाशी धरून विचारलं, "दोनशे अडतीस नंबर कुणाचा आहे?" लोकांना वाटलं बक्षीस लागलं. सगळे जोरजोरात टाळ्या पिटायला लागले. एका शाळेतले तिघे शिक्षक हात वर करून नाचत पुढे आले. "आमचे चित्रकलेचे मास्तर! लकी माणूस! आलेत ते, नाव बघितलं आम्ही. असतील इथेच ग्लास घेऊन." त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, हाका मारल्या. मास्तर नव्हते. एकाचं नाचणं थांबलं, मग तिघांचंही. मी माईक नटाच्या हातात कोंबला. "कुठे चाललात?" तो म्हणाला. "माणूस राहिलाय मागे," मी म्हटलं आणि धावत सुटलो. मंचामागे उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेला टायरच्या दुकानाकडे यायला सांगितलं, तर तिच्याही पुढे तीच तीन वाहनं. ती बाजूला होईपर्यंत थांबायचा मला धीर नव्हता.

तिथे काय झालं ते ड्रायव्हरने मला नंतर सांगितलं. तो झाडाखाली, दुकानाच्या ओट्यावर, बसथांब्याच्या छपराखाली शोधत होता. ताई म्हणाल्या, "तिथे नाही सापडायचा. पिऊन त्रास व्हायला लागला की माणसाला लाज वाटते. चार लोकांना दिसेल तिथे तो बसत नाही. मागची बाजू बघ." त्या एका बंद फर्निचरच्या कारखान्यामागे गेल्या. फळ्यांचा ढीग आणि मागची भिंत यांच्यामधल्या फटीत, भर उन्हात मास्तर बसले होते, एक बूट पायात, एक हातात. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठाक, घामाचा थेंब नाही. कुणाला तरी वहीत रंग भरायला सांगत होते.

दोघांनी मिळून त्यांना गाडीत घातलं आणि त्या वळणाजवळच्याच चौथ्या थांब्यावर आणलं. तिथली पोरं सामान आवरत होती. बाटल्या गार करायचा मोठा टब बर्फाच्या पाण्याने अर्धा भरलेला होता. "बाटल्या काढा," ताई म्हणाल्या. एक जण म्हणाला, "मॅडम, साहेबांना विचारावं लागेल." ताईंनी दोन्ही हातांनी बाटल्या उपसून रस्त्यावर टाकायला सुरुवात केली. दोन फुटल्यावर पोरंही लागली उपसायला. मी धापा टाकत पोचलो तेव्हा मास्तर गळ्यापर्यंत बर्फात होते, ताई त्यांचं डोकं आपल्या दंडावर धरून बसल्या होत्या आणि एकसारख्या म्हणत होत्या, "मास्तर, डोळे उघडा. माझ्याकडे बघा. बघा ना हो."

मला वाटलं, गेला हा माणूस. खरंच वाटलं. आणि तो माझ्यामुळे गेला, हेही वाटलं.

तो गेला नाही. रुग्णवाहिका आली आणि आम्ही दोघं त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलो. दुपारी तीनच्या सुमारास डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, शुद्धीवर आहेत, आणखी थोडा वेळ गेला असता तर काही सांगता आलं नसतं. मास्तरांनी पहिला प्रश्न काय विचारला म्हणे, तर, "मला वेळ किती लागला?" पडद्याच्या हिशेबाने त्यांनी शर्यत पूर्ण केली होती, आठशे पोरांच्या शाळेला ते आजही सांगू शकतील. त्यांची बायको घरच्याच कपड्यांत धावत आली, तिने ताईंचे दोन्ही हात धरले. ताईंनी तिला आत नेऊन पोचवलं आणि परत येऊन माझ्या शेजारी बाकावर बसल्या.

डाव्या हातावरचे नंबर बर्फाच्या पाण्याने फिसकटून निळे झाले होते. त्या रुमालाने ते पुसत होत्या. मला राहवेना.

"ताई, मी माईकवर खोटं बोललो. एकोणीस नावं एकदम आली तेव्हाच मला कळलं होतं. तुम्ही सांगायच्या आधीच."

"खोटं नाही बोललात तुम्ही," त्या म्हणाल्या. "कंटाळला होतात."

"म्हणजे तेच ना."

"तेच नाही." त्यांनी रुमालाची घडी केली, पुन्हा उलगडली. "मी ह्यांना सतरा वर्षं शोधून आणलं, दादा. पावसात, अंधारात, पोरीला कडेवर घेऊन. कधी चुकले नाही. एके दिवशी दुपारी शेजारीण सांगत आली, तुमचे हे गोदामाच्या मागे बसलेत. माझी इस्त्री चालू होती. म्हटलं, बसू दे, येतील आपले आपण. पहिल्यांदाच म्हटलं तसं. कंटाळा आला होता हो मला."

आतून मास्तरांच्या बायकोच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि मास्तर तिला समजावत होते.

"संध्याकाळी शेजाऱ्यांनी उचलून आणलं," ताई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, दारूने नाही गेले, उन्हाने गेले."