हंसाबेन रोज जातात ती वाट

या रविवारी बडोद्यात आमच्या सोसायटीमागच्या ओढ्यावर एक छोटासा लोखंडी पूल सुरू झाला... पेपरात यावं असं त्यात काही नाही. पण मी सकाळपासून बहिणीला, वन्संना, नाशिकच्या मैत्रिणीला फोन करून सांगितलंय. आता तुम्हालाही सांगते.

आमच्या इथून ओढ्याच्या काठाने एक पायवाट थेट सार्वजनिक बागेपर्यंत जाते. दोन्ही बाजूंना कडुनिंब, मधूनच मोर, आणि हॉर्न अजिबात नाही. नवऱ्याच्या रिफायनरीतल्या नोकरीमुळे इथे आले तेव्हा मला कुणी ओळखत नव्हतं. माझ्या पहिल्या ओळखी याच वाटेवर झाल्या.

गेल्या पावसाळ्यात ओढ्यावरचा जुना फरशीपूल वाहून गेला. वाट धोक्याची झाली, म्हणून ती भिंत घालून बंद करायचं घाटत होतं. आम्ही पाचसहा जणी महापालिकेतल्या साहेबांना भेटलो, पुन्हा भेटलो, त्यांना जागेवर घेऊन आलो... शेवटी ते म्हणाले, पूल होईल, पण अर्धा खर्च तुम्ही लोकांनी उचलायचा.

मग काय... बागेच्या दाराशी शेव-उसळ आणि पोह्यांचा स्टॉल लावला. सयाजीगंजच्या हॉस्टेलमधली मुलं अक्षरशः तुटून पडली. तरी तेवढ्याने भागणार नव्हतं, सोसायटीची साथ हवी होती. आणि आमचे चेअरमन जयंतीकाका ठाम विरोधात! लहरीपुऱ्यात त्यांचं कापडाचं दुकान आहे, त्यांच्या शब्दाबाहेर सहसा कुणी जात नाही.

मीटिंगमध्ये मी पोटतिडकीने बोलले. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेन, त्या वाटेने उद्या चोर येतील. आणि आपल्यातलं तिकडे जातं तरी कोण?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"हुं जाऊं छुं. रोज."

हंसाबेन. जयंतीकाकांच्या पत्नी. मीटिंगमध्ये त्या कधी बोलल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

काका वळले. "तू तर मंदिरात जातेस ना?"

"मंदिर बागेपलीकडेच आहे. चालत जाते, चालत येते. माझी शुगर उतरली ती त्याने. तुम्ही सगळ्यांना सांगत फिरलात, तुमच्या चूर्णाने उतरली म्हणून... ते चूर्ण मी केव्हाच सोडलंय."

अख्खा हॉल हसला. हंसाबेन मात्र हसल्या नाहीत. "भिंत झाली तर मला मेन रोडने जावं लागेल. तिथे ट्रक अंगावर येतात, मला भीती वाटते. मग मी घरीच बसेन," एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या.

काकांनी खिशातलं पेन काढलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, वर्गणीच्या यादीत पहिलं नाव हंसाचं लिहा. दुसरं माझं."

त्यानंतरचे जयंतीकाका तुम्ही बघायला हवे होते... लहरीपुऱ्यापासून मांडवीपर्यंत एक दुकान सोडलं नाही. "बायका चालतात त्या वाटेसाठी आहे," म्हणायचे आणि समोरच्याने खिशात हात घालेपर्यंत हलायचे नाहीत. आम्ही जन्मात जमवू शकलो नसतो तेवढं त्यांनी दिवाळीच्या आत जमवलं.

रविवारी फीत कापायला ते दुकानातली कापडाची मोठी कात्री घेऊन आले आणि हंसाबेनच्या हातात दिली. त्यांनी फीत कापली, टाळ्यांसाठी थांबल्याही नाहीत, पदर खोचला आणि पूल ओलांडून चालू लागल्या. मागून काका धापा टाकत, "अरे, धीरे चाल ने..."

त्यांच्यामागे आम्ही सगळे निघालो. पलीकडच्या वस्तीतल्या बायका लेकरांना घेऊन समोरून येत होत्या, पुलाच्या मधोमध आमची गाठ पडली. कुणीच कुणाला ओळखत नव्हतं, पण सगळ्याच हसत होत्या.

आपल्याला काय हवंय हे चारचौघांत उभं राहून साधेपणाने सांगणं किती अवघड असतं, ते मला चांगलं माहीत आहे. हंसाबेन, तुम्ही ते आम्हा सगळ्यांसाठी केलंत. मनापासून आभार...