बाबांचं ‘बरं झालं’
उदबत्तीचा वास आला की उमरेडचं ते घर आठवतं. बुटीबोरीच्या सूतगिरणीत यंत्रांच्या आवाजानं बाबांचे कान गेले होते. ऐकू आलं नाही की ते नुसते हसून मान डोलवायचे. गिरणीतला त्यांचा मित्र वारला, म्हणून आम्ही दोघं उमरेडला त्याच्या घरी भेटायला गेलो होतो. मित्राची बायको म्हणाली, “लय तरास झाला जी त्यायले शेवटी.” बाबा हसून म्हणाले, “बरं झालं, बरं झालं.” खोलीतली कुजबुज थांबली. परतताना एसटीत त्यांनी विचारलं, “मी काही चुकीचं बोललो काय वं?” मी मान हलवून नाही म्हटलं, पण माझा चेहरा त्यांनी वाचला होता. त्यानंतर ते कोणाकडेच गेले नाहीत, लग्नालासुद्धा नाही. आता मलाही कमी ऐकू येतं. परवा शेजारणीला म्हटलं, “ऐकू नाही आलं, पुन्हा सांग.” एवढं बाबांना कधीच म्हणता आलं नाही.