कुठे म्हणून विचारू नये

आमच्या घरात बाहेर पडणाऱ्या माणसाला 'कुठे?' म्हणून विचारायची बंदी होती. विचारलं की काम होत नाही, अशी आईची आणि तिच्या माहेर-सासरच्या समस्त कोकणाची खात्री. परत कधी येणार हे विचारलेलं चालायचं, जेवायला आहेस का हेही चालायचं. ठिकाण मात्र विचारायचं नाही. चुकून कुणी विचारलंच, तर निघालेल्या माणसाने परत घरात यायचं, दोन मिनिटं टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं. गिरणी बंद पडल्यावर वडील एका गोदामावर वॉचमन होते. शाळेत असताना एकदा मी त्यांना मुद्दाम तीनदा विचारलं आणि ते तिन्ही वेळा निमूट परत येऊन बसले. त्या दिवशी त्यांना कामावर उशीर झाला आणि मला धपाटा मिळाला.

मी परळच्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागात आहे. तिथे प्रत्येक केसपेपरला शेवट असतो. बरा होऊन घरी गेला, दुसरीकडे हलवला, वारला. कुणाला न सांगता निघून गेला, असंही लिहायची सोय आहे. काहीतरी लिहिलं की कागद मांडणीवर चढतो. या नोकरीने मला कोरडं केलं असं आई म्हणते. मला वाटतं, मी आधीपासूनच तशी होते म्हणून नोकरी मानवली. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढचं ऐकताना मी रडत का नाही असं कुणाला वाटायला नको.

नायगावच्या चाळीत, एका खोलीत, वडलांच्या मागे आम्ही तिघं राहत होतो. आई, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान भाऊ. तो एसी दुरुस्तीची कामं करायचा आणि महिन्यातून एकदा डोंगरात जायचा. आधी एका ग्रुपबरोबर जायचा, मग त्याला त्याचा वीट आला. "तिथे वर जाऊनपण अंताक्षरीच खेळतात," म्हणायचा. म्हणून मग एकटाच जायला लागला. आईला ते अजिबात पसंत नव्हतं, पण नाही म्हणून ऐकणारा तो नव्हता.

त्या शनिवारी पहाटे तो दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. एकट्याने जाणाऱ्याने निदान घरात ठिकाण सांगून जावं, हे मला बरेच दिवस वाटत होतं. म्हणून मी विचारलं, "कुठे चाललायस रे?"

तो हसला. "रतनगड," म्हणाला.

तेवढ्यात आई उठून बसली. "गे, जातल्या माणसाक खंय म्हणान कित्या इचारतंस?"

"विचारायलाच पाहिजे. एकटा जातोय तो," मी म्हटलं आणि वाद नको म्हणून ब्रश घेऊन पॅसेजच्या टोकाला नळावर गेले. जाताना बघितलं, तर तो निमूटपणे बूट काढून परत आत येत होता. मी तोंड धुऊन आले तेव्हा तो गेलेला होता आणि आई स्टोव्हपाशी बसली होती.

रविवारी संध्याकाळी जेवायला येणार होता. आला नाही. सोमवारी आम्ही पोलीस स्टेशनला गेलो. तिथल्या हवालदारांनी विचारलं, "कुठे गेले ते माहितीये?" मी लगेच सांगितलं, रतनगड. खरं सांगायचं तर तेव्हा मला जरा शहाणपणाचा गर्वच वाटला. विचारून ठेवलं म्हणून आज उत्तर होतं. आई बाजूला पदर तोंडाशी धरून बसली होती.

आठ दिवस शोध चालला. डोंगरात हरवलेल्यांना शोधणारी हौशी मुलं आपापल्या नोकऱ्या सोडून आली होती. त्यांनी दोरावर उतरून दऱ्या पाहिल्या. पायथ्याच्या गावातल्या माणसांनी रान पालथं घातलं. एक बाटली नाही, चेपलेलं गवत नाही, काही नाही. गावात कुणीच अशा माणसाला पाहिलेलं नव्हतं, आणि त्या गावात एकटा आलेला शहरी माणूस दिसल्याशिवाय राहत नाही. मोबाइलची शेवटची नोंद कल्याणची निघाली. बॅटरी वाचवायला तो कल्याणनंतर फोन बंद करत असे. कल्याणहून एक फाटा कसाऱ्याला जातो, दुसरा कर्जतला. रतनगडाला जायचं तर कसारा.

नवव्या दिवशी हवालदार स्वतः घरी आले. जवळच पोलीस लाइनीत राहायचे, मूळचे सावंतवाडीकडचे. चहा घेता घेता त्यांनी सहज विचारलं, "निघताना कुणी त्यांना कुठे म्हणून विचारलं होतं का?"

"मी विचारलं," मी म्हटलं.

"मग परत येऊन बसले?"

"हो."

त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्यात काही लोक नुसते बसत नाहीत, ताई. ठिकाणच बदलतात. माझे वडील बदलायचे. मालवणला निघालेले कणकवलीला जाऊन यायचे."

मी आईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. भाऊ असलं काही मानायचा की नाही, हे मला सांगता येईना. बूट काढून आत आला म्हणजे आईचं मन राखायला आला, असं मी धरून चालले होते. पुढे कर्जतकडच्या डोंगरांतही चार दिवस शोध झाला. पण तिकडे डोंगर काय थोडे आहेत? एकाचंही नाव हातात नव्हतं.

म्हणजे मी विचारलं म्हणून सगळी माणसं आठ दिवस बहुधा चुकीच्या डोंगरात फिरली. आणि आईच्या हिशेबाने बघितलं, तर मी विचारलं म्हणूनच तो गेला. पहिलं मी मानत होते, दुसरं मानत नव्हते. पण आई काय मानते हे मला कळत नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटायची. ती मला कधी टाकून बोलली नाही. त्या पहाटेबद्दल तिने एक शब्द काढला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. आम्ही दोघी त्या एका खोलीत सात वर्षं राहिलो, एकमेकींची औषधं आणली, आणि हा विषय खाटेखालच्या ट्रंकेसारखा तसाच राहिला.

चाळीतल्यांनी त्याला गिरनारला पाहिलं, नर्मदेच्या काठी पाहिलं, एकाने तर विरारला बायको-मुलासकट पाहिलं. आईने गावी देवळात कौल लावला. देवाला लावलेली पाकळी उजवीकडे पडली, म्हणजे तो आहे. कौलाचा केसपेपर नसतो.

मग नवी इमारत बांधायला आमची चाळ पाडायची वेळ आली. खोली भावाच्या नावावर होती. मुलगी परक्याचं धन, असं म्हणून वडलांनी ती त्याच्या नावावर केली होती आणि हे परक्याचं धन चाळिशी उलटली तरी तिथेच मोरी घासत होतं. वकील म्हणाले, सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर कोर्ट तो वारला असं धरतं, तसा अर्ज करा. आईची सही लागणार होती. "कौल उजवो पडलो हा," एवढंच ती म्हणायची आणि उठून जायची. पाच महिने असे गेले. शेजारचे एकेक सामान बांधून गेले. एके दिवशी सकाळी ती लुगडं बदलून बसली आणि म्हणाली, "चल."

भोईवाड्याला कोर्टाच्या बाहेर टायपिंगवाल्या बाईंसमोर आम्ही बसलो. वकील एकेक मुद्दा सांगत होते, बाई टाइप करत होत्या. कधी निघाला, काय कपडे होते, फोन कधी बंद झाला. मी हॉस्पिटलात सांगते तशी उत्तरं देत होते.

"शेवटचं बोलणं कुणाशी झालं?"

"माझ्याशी," मी म्हटलं. "मी त्याला कुठे जातोस म्हणून विचारलं." हवालदार येऊन गेल्यानंतर हे आईच्या देखत मोठ्याने बोलायची ही माझी पहिलीच वेळ होती.

"हिच्याशी नाय," आई म्हणाली. "माझ्याशी."

वकिलांनी तिच्याकडे पाहिलं. आई माझ्याकडे बघून बोलायला लागली.

"आदल्या राती माझा नि तेचा वाजला होता. एकटो जाव नको म्हटलंय तर ऐकूक नाय. मग मी अबोलो धरलंय. तो निघालो तेव्हा मी जागीच होतंय. तोंड फिरवून पडान रवलंय. तो गेल्याशिवाय उठूचा नाय असा ठरवला होता. तू इचारलंस म्हणान माका उठूक लागला. तू इचारलंस म्हणान तो मागारी इलो. नायतर तो तसोच गेलो असतो, मी तोंड फिरवलेली बघून."

सात वर्षं मी तिच्या गप्प राहण्याला माझ्यावरचा राग समजत होते, आणि ती त्या अबोल्याची लाज सांभाळत बसली होती.

टायपिंगवाल्या बाईंनी वकिलांना विचारलं, "मग आईशी असं घालू?"

"घाला. काय बोलणं झालं, मावशी? थोडक्यात सांगा."

"सावकाश जा म्हटलंय. तो होय म्हणालो."

"हे लिहायची तशी गरज नाही," वकील म्हणाले.

"लिवा," आई म्हणाली.

बाईंनी ते टाइप केलं. आईने चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि मग सही केली.