डाव्या हाताला पाहा

आमच्या घरी पहिल्यांदा शहरातले पाहुणे आले, तेव्हा माय अंगणात बिड्या वळत होती आणि मी दाराआड लपले होते. बाबा गोंदियाच्या राईस मिलमध्ये पोती वाहायचे. एकदा पोत्यासकट फळीवरून पडले आणि कंबर कायमची गेली. तेव्हापासून ते ओसरीत खाटेवर पडून असत. घर मायच्या बोटांवर चाले. पावसाळ्यात ती धानाच्या रोवणीला जाई, एरवी सूप मांडीवर घेऊन तेंदूपत्ता कापत बसे. माझ्या कॉलेजच्या पुस्तकांनाही तंबाखूचा वास येई. बसमध्ये शेजारची मुलगी नाक मुरडी आणि मी खिडकीबाहेर पाहत बसे.

अशा घरापुढं गाडी थांबली आणि गॉगल लावलेली सहा-सात माणसं उतरली. त्यांच्यापुढं एक बाई. अंगावर सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात मिटलेली छत्री. एका पाहुण्यानं मायसमोर मोबाईल धरला. माझे कान तापले. ही माणसं सकाळी नागझिऱ्यात सांबरं पाहून आली, दुपारी नवेगावच्या तलावावर पाखरं पाहून आली, आणि आता आम्हाला पाहायला आली!

पण बाईंनी छत्री आडवी धरली. "मोबाईल खाली. चपला बाहेर. आणि इथं कोणी काही विचारायचं नाही. आधी आपलं सांगायचं."

"आपलं म्हणजे काय?" गॉगलवाल्यानं विचारलं.

"नाव सांगा, गाव सांगा, आणि तुमच्या मायनं काय काम केलं ते सांगा. मग या माउलीले इच्छा असेल तर त्याही सांगतील."

माणसं गोंधळली. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ मात्र खाली मातीतच बसले आणि म्हणाले, "माझी आई तेलाच्या घाण्यावर शेंगा निवडायला जायची." त्यांची बायको त्यांच्याकडं बघतच राहिली. "अहो, मला म्हणाला होतात की त्या घरीच असायच्या!"

"घरी नसायची," ते म्हणाले.

माय हसली आणि तिनं हातातली बिडी त्यांना दाखवली. मग तेच तिला विचारत बसले, दोरा कसा गुंडाळता, पान ओलं का ठेवता. मी दाराआडच राहिले. जाता जाता बाईंनी आत डोकावलं.

"काऊन लपली वो? वाघीण आहेस का?"

या त्या गाइडबाई. गोंदियाहून सकाळी निघून संध्याकाळच्या गाडीला पाहुण्यांना स्टेशनवर सोडणारी एका दिवसाची टूर त्या चालवत. एकच गाडी, गाडीत मावतील तेवढेच पाहुणे, आणि चालवायला गुड्डूभाऊ. गुड्डूभाऊ लहानपणापासून गोंदियाच्या बाजारात वाढलेला, हिंदीतच बोलायचा. वाघ दिसला नाही म्हणून कुणी कुरकुर केली की बाई म्हणायच्या, "त्याले मी टाइम दिला होता. तो विसरला असेल." यावर रागावणारा पाहुणा मी पाहिला नाही.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा त्या मायला म्हणाल्या, "पोरगी शिकून राहिली अन् दाराआड उभी राहून राहिली. मले दे." तशी मी त्यांच्या हाताखाली गेले. सुरुवातीला मला बोलताच येईना. आपल्या घरापुढं गाडी थांबली की मी पाण्याच्या बाटल्या मोजायचं निमित्त करून गाडीतच बसे. बाईंनी कधी ओढून उतरवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "लाज वाटते तर वाटू दे. पण खोटं नोको सांगू. कोणी विचारलं तर घर तुझंच आहे."

मला हे त्यांचं बोलणं पटे. फक्त एक गोष्ट पटेना.

आमच्या गावाच्या अलीकडं एक वळण आहे. वळणावर उजव्या हाताला एक दुमजली कौलारू घर, पुढं सारवलेलं मोठं अंगण, कोरीव दार, तुळशीवृंदावन, मागं गोठा. त्या वाटेवरचं सगळ्यात देखणं घर. गाडी वळणावर आली की बाई सीटवर पाठ वळवून उभ्या राहत, छत्रीचं टोक खिडकीबाहेर काढत आणि मोठ्यानं सांगत, "डाव्या हाताला पाहा! डाव्या हाताला आमच्याकडची बोडी. या बोडीच्या पाण्यावर धान पिकते."

पावसाळ्यात ठीक होतं. उन्हाळ्यात त्या तळ्यात भेगा पडलेल्या असत.

"बाई, उधर तो कुछ भी नहीं," गुड्डूभाऊ एकदा बोललाच.

"म्हशी आहेत ना! म्हशी पाहा!"

पाहुणे मान वाकडी करून म्हशी पाहत. मागं वळून कुणी म्हणे, "बाई, ते घर किती सुंदर आहे, थांबू या ना." बाई म्हणत, "उशीर होऊन राहिला."

मी मायला विचारलं. मायनं बिडीचं तोंड बंद केलं आणि म्हणाली, "ते तिचं माहेर होय. रोवणीले मी तिथंच तर जातो."

मग तिनं सांगितलं ते मला ठाऊक असायला हवं होतं, कारण लहानपणी मी तिच्यासोबत त्या घरच्या बांधीत, धानाच्या शेतात, गेले होते. आमच्या लोकांसाठी त्या घरी चहा गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या कपात मिळे. कान तुटलेले तीन-चार कप. प्यायचे, आपणच धुवायचे, परत कोनाड्यात ठेवायचे. आम्ही दीक्षा घेतलेली माणसं, घरात बुद्धाची मूर्ती, तोंडात जयभीम. पण रोवणीच्या दिवसांत तो कप मायच्या हातात होताच.

एकदा परतीच्या वाटेवर मी बाईंना थेट विचारलं, "ते घर का दाखवत नाही?" मी स्पष्टच बोलते, पोटात ठेवत नाही.

बाईंनी छत्री मांडीवर आडवी घेतली. "पुढचं दार दाखवीन वो. मागचा कोनाडा कसा दाखवू? मायले बोलली, तिनं ऐकलं नाही. माय गेली, वहिनीनं चालू ठेवलं. दादा म्हणते, त्याईनं कधी स्टीलचा गिलास मागितला का?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "लोकायले मी त्यांच्या मायचं विचारतो. माझ्या मायचं मले कोणी विचारलं नाही म्हणून बरं."

बाईंचे गुडघे गेले तेव्हा लेकीकडं रायपूरला कायमचं जायचं ठरलं. शेवटच्या टूरला एक म्हातारे शिक्षक, त्यांची सून आणि नागपूरची दोन जोडपी होती. वळण आलं. मी सवयीनं डावीकडं मान वळवली. बाई उभ्या राहिल्याच नाहीत.

"गुड्डू, उजवीकडे घे."

गुड्डूभाऊनं आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि गाडी अंगणात घातली.

बाईंचे दादा हरखले. "शकुन! अगं, सांगून तरी यायचं!" सगळ्यांना ओसरीवर सतरंजीवर बसवलं. मीही बसले. वहिनी ट्रेमधून लिंबाचं सरबत घेऊन आल्या. ग्लास एकेकाला देत माझ्यापर्यंत आल्या, मायची पोरगी म्हणून ओळखलं, थांबल्या, आत गेल्या, आणि कान तुटलेल्या कपात सरबत घेऊन आल्या. तो त्यांनी माझ्यापुढं जमिनीवर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. रोजचं काम करावं तसं केलं.

शिक्षकांच्या सुनेनं सहज विचारलं, "तुम्हाला कपात का?"

"गिलास कमी पडले," दादा म्हणाले. ट्रेमध्ये एक भरलेला ग्लास तसाच होता.

मी बाईंकडं पाहिलं. जिनं शेकडो परक्या माणसांना बोलतं केलं, ती बाई छत्रीची मूठ धरून बसली होती. मान इतकी खाली गेली होती की मला माझी नाही, त्यांचीच लाज सोसवेना. मग मी त्यांचंच वाक्य बोलले.

"इथं आधी आपलं सांगायचं असतं. माझं नाव सुजाता. माझी माय याच घरच्या बांधीत रोवणी करते. हा कप तिचा आहे. गोठ्याच्या कोनाड्यात असतो. आम्हाला ग्लासात देत नाहीत."

शिक्षकांनी हातातला ग्लास खाली ठेवला. मग सुनेनं ठेवला. दादा म्हणाले, "पोरी, घरी आलेल्यानं असं बोलायचं असते का?"

"दादा, घर तिनं नाही दाखवलं. मी दाखवलं," बाई म्हणाल्या. आवाज फाटला होता.

वहिनी घाईनं आत गेल्या आणि ओटीचं ताट घेऊन आल्या. तांदूळ, नारळ, खण. नणंद माहेराहून कायमची दूर चालली, तिला रिकामी कशी पाठवायची! बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पदर पुढं केला नाही. वाकून माझ्यापुढचा कप उचलला, सरबत तुळशीत ओतलं आणि कप पदरानं पुसला.

"वहिनी, ओटी नोको. माहेरचं म्हणून हे नेतो. कोनाड्यातले बाकीचेही दे."

"ताई, कायले असं..."

"दे वो. माझ्या मायनं ठेवले होते. लेकीनं न्यायले पाहिजे."

वहिनी रडत होत्या, पण गोठ्याकडं गेल्या. बाईंनी सगळे कप पिशवीत घातले. गाडीत पिशवी प्रत्येक खड्ड्यात वाजत होती.

आमच्या घरी गाडी थांबली. त्या दिवशी बाईंनी पाहुण्यांना काही सांगायला लावलं नाही. त्या स्वतः मायसमोर मातीत बसल्या, दुखरे गुडघे मोडून.

"मी शकुन. त्या वळणावरच्या घरची. माझ्या मायनं तुमच्यासाठी गोठ्यात कप ठेवले..."

मायच्या बोटातला दोरा चालूच होता. "मले माहीत होतं ना वो बाई. रोज गाडीतून उलटीकडं पाहत होत्या तुमी." मग सूप बाजूला ठेवलं. "सुजाता, बाईले पाणी दे."

मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहुण्यांसमोर आमच्या घरात शिरले आणि पाणी घेऊन बाहेर आले.

संध्याकाळच्या गाडीनं बाई गेल्या. छत्री मला देऊन गेल्या. पिशवी सोबत नेली. फोनवर मी एकदा विचारलं, कपांचं काय केलं? म्हणाल्या, "लेकीच्या घरी कपाटात आहेत. नातीनं विचारलं तर सांगावं लागते."

पुढच्या रोवणीला त्या घरी सगळ्यांना एकाच ट्रेमधून ग्लास आले, असं शेजारणीनं सांगितलं. माय पाहायला गेली नाही. मला मात्र आजही आमच्या दाराशी गाडी थांबली की कान तापतात. लाज वाटते तर वाटू दे, असं म्हणते आणि उतरते. वळण आलं की उभी राहते, छत्री उजवीकडं करते आणि ते घर कुणाचं, तिथं काय होतं, ते सगळं सांगते.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे. गोंदियाहून निघणारी ती टूर आता मी चालवते, आणि माय दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जात नाही.